काच ताण घेत नाही: खांबापासून घरापर्यंत फायबर टाकताना

डिसेंबरातली रात्र, साडेदहाची वेळ. कागल तालुक्यातल्या एका गावातून फोन आला, "भाऊ, अख्ख्या माळावरचं नेट गेलंय." गेलो तर रस्त्यावर उसाचं पाचट सांडलेलं आणि आमची बारा कोअरची (आत बारा काचेचे धागे असलेली) फायबर केबल डांबरावर लोळत पडलेली. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉलीच्या वरच्या मोळ्यांत केबल अडकली आणि ट्रॅक्टरनं ती ओढत नेली. एवढ्यावर थांबलं असतं तर दोन खांबांमधला तुकडा बदलून बाराच्या आत घरी आलो असतो. पण खांबावर केबल क्लॅम्पमध्ये नव्हती, बाइंडिंग तारेनं आवळलेली होती. ती तार सरकली, ओढ पुढच्या खांबावर गेली, तिथून जॉइंट बॉक्समध्ये (काचा जोडून ठेवलेल्या डब्यात) शिरली आणि काचा मांडलेला आतला ट्रे उपसून बाराच्या बारा कोअर तुटल्या. ते काम दोन वर्षांपूर्वी मीच घाईत केलं होतं. पहाटे साडेचारपर्यंत टॉर्चच्या उजेडात जॉइंट मारत बसलो.

आमच्या धंद्यात नवी पोरं येतात ती काचेची टोकं ठिणगीनं जोडणारं स्प्लायसिंग मशीन शिकायला. मशीन चार दिवसांत येतं. केबल धरायची कशी, हे शिकायला वर्ष जातं, आणि ते कोणी बसवून सांगत नाही. म्हणून हा लेख. खांबावरून घरापर्यंत फायबर नेणाऱ्या स्थानिक केबलवाल्यांसाठी, नव्यानं कामाला लागलेल्या पोरांसाठी, आणि आपल्या सोसायटीत किंवा कारखान्यात दोन इमारती फायबरनं जोडून घेणाऱ्या माणसांसाठीही.

काचेचं काय असतं

एक फायबर म्हणजे १२५ मायक्रॉन जाडीची काच, वर प्लास्टिकचा लेप धरून २५० मायक्रॉन. प्रकाश जातो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. ही काच नाजूक असते असं सगळे म्हणतात, पण सरळ ताणाला ती चांगली मजबूत असते. कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक फायबर साधारण १ टक्का लांबेल इतका ताण देऊन तपासलेलं असतं. अडचण क्षणभराच्या ताणाची नसते, कायमच्या ताणाची असते. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात. काच सतत ओढलेली राहिली की ओलाव्यात त्या चिरा हळूहळू वाढत जातात. आज टाकलेली केबल आज चालते, पहिला पावसाळा काढते, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी कुठलंही कारण नसताना एखादी कोअर तुटते. ग्राहक म्हणतो, "काही केलं नव्हतं हो." खरंच त्यानं काही केलेलं नसतं.

त्यामुळं कुठलंही काम सुरू करताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: या केबलचं वजन आणि ओढ जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं जाणार? बरोबर उत्तर असं: मेसेंजर तार (केबलच्या कडेची, ओढ घेणारी तार) किंवा केबलमधली दांडी, तिथून क्लॅम्प, क्लॅम्पमधून हुक, हुकातून खांबाचा पट्टा, पट्ट्यातून खांब. या साखळीत काच कुठंच येता कामा नये. क्लॅम्पच्या पलीकडं केबल सैल हवी, बोटानं हलवली तर हलायला हवी.

आधी रस्ता चाला

नकाशावर आखून केबल मागवू नका. टेप किंवा मोजमापाचं चाक घेऊन चालत जा, वही सोबत ठेवा, प्रत्येक खांबाला नंबर द्या. आपल्या भागात चालताना काही गोष्टी मुद्दाम बघाव्या लागतात.

ऊस कुठल्या रस्त्यानं जातो हे बघा. गळीत हंगामात ट्रॉली किती उंच भरली जाते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. कागदावरची उंची काहीही असो, ट्रॉलीच्या वाटेवर केबलचा सगळ्यात खालचा बिंदू मी ६ मीटरच्या खाली येऊ देत नाही. तेवढी उंची मिळत नसेल तर तिथं रस्त्याखालून जायचं.

मिरवणुकांचा मार्ग विचारा. गणपतीच्या उंच मूर्ती आणि चैत्रात जोतिबाला जाणाऱ्या सासनकाठ्या यांच्यापुढं कुठलीच टांगलेली केबल पुरेशी उंच नसते. पोरं बांबूनं केबल वर ढकलतात, ती कशाला तरी अडकते, आणि मग कुणीतरी पक्कड काढतो. अशा जागी मी दोन्ही खांबांवर उघडता येणारा हुक लावतो आणि बाजूला चार-पाच मीटरचं जादा वेटोळं ठेवतो. मिरवणुकीच्या दिवशी मंडळाच्या माणसाबरोबर उभं राहून केबल खाली उतरवायची, काठी गेली की परत चढवायची. मंडळाच्या अध्यक्षाचा नंबर वहीत हवा. असं दोन-तीन वर्षं केलं की मंडळवाले स्वतःच आदल्या दिवशी फोन करतात.

झाडं बघा. नारळाची झावळी वाळली की सरळ खाली येते, वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराची फांदी मोडते. आणि नदीकाठी असाल तर पुराची खूण बघा, तिच्याबद्दल पुढं सांगतो.

मोजलेल्या अंतरात झोळासाठी (दोन खांबांमधे केबल खाली लोंबते त्यासाठी) आणि चढउतारासाठी ३ टक्के धरा. जिथं जिथं जॉइंट येणार तिथं दोन्ही बाजूंना १० ते १५ मीटर जादा धरा, म्हणजे जॉइंट बॉक्स खाली आणून जमिनीवर बसून काम करता येतं. शिडीवर उभं राहून जॉइंट मारायची वेळ आली तर मोजमाप करताना हात आखडता घेतला होता, एवढं समजावं.

परवानगीचं थोडक्यात. खांब महावितरणचा असेल तर महावितरणची, रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा ग्रामपंचायतीचा असेल तर त्यांची लेखी परवानगी हवी. दूरसंचार कायदा २०२३ खालचे मार्गाधिकाराचे (राइट ऑफ वे) नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत, अर्ज त्यानुसारच करायचा. खोदायचं असेल तर 'कॉल बिफोर यू डिग' या ॲपवर आधी नोंद करा. दुसऱ्याची केबल किंवा पाण्याची लाईन फोडली की भांडण वर्षभर पुरतं.

विजेच्या खांबावर

"फायबरमध्ये करंट नसतो" हे वाक्य मी ज्या ज्या पोराच्या तोंडून ऐकलं त्याला त्या दिवशी खांबावर चढू दिलं नाही. काचेत करंट नसतो, हे खरं. पण ड्रॉप केबलच्या (खांबावरून घरात जाणाऱ्या चपट्या केबलच्या) कडेला स्टीलची मेसेंजर तार असते, आर्मर्ड केबलला स्टीलचं कवच असतं, आणि वरची वीजवाहिनी तुटून त्यावर पडली की ती तार शंभर घरांच्या भिंतीपर्यंत वीज नेऊ शकते. केबल नेहमी विजेच्या तारांच्या खाली, महावितरणनं परवानगीत दिलेल्या जागी आणि अंतरावरच. चढण्याआधी लाईन बंद करून घ्यायची, ती बंद आहे हे त्यांच्या माणसाकडून समोर उभं राहून ऐकायचं. फोनवरचं "बंद केलीय" चालत नाही. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, रबरी मोजे, आणि खाली एक माणूस कायम उभा. पावसात खांबावर काम नाही, मग ग्राहक कोणीही असो.

शक्य असेल तिथं धातू अजिबात नसलेली केबल घ्या. तिच्यात ताणासाठी स्टीलऐवजी फायबरग्लासची दांडी किंवा अरामिडचे पिवळे धागे असतात. वीज आणि वळवातला कडकडाट दोन्हींचा धोका त्यानं कमी होतो. जिथं स्टीलची मेसेंजर आहे तिथं तिला दोन्ही टोकांना अर्थिंग द्या.

लोखंड

आता मुख्य गोष्ट. खांबावर चार वस्तू लागतात: खांबाभोवती बसणारा पट्टा, त्याला हुक, हुकात क्लॅम्प, आणि जादा केबल गुंडाळायला फुलीच्या आकाराचं ब्रॅकेट. सगळं गरम गॅल्व्हनायझिंग केलेलं हवं. नुसता चंदेरी रंग मारलेलं लोखंड आपल्याकडच्या पावसात दुसऱ्या वर्षी गंजतं, आणि गंजका पट्टा सरकला की पुढचं सगळं सरकतं.

क्लॅम्प दोन प्रकारचे. डेड-एंड क्लॅम्प केबलची पूर्ण ओढ स्वतःवर घेतो. सस्पेन्शन क्लॅम्प नुसतं वजन पेलतो, केबल त्याच्यातून आडवी ओढली तर सरकू शकते. सरळ ओळीतल्या मधल्या खांबांवर सस्पेन्शन चालतो. पण सुरुवातीला, शेवटी, प्रत्येक वळणाला, जॉइंट बॉक्सच्या दोन्ही बाजूंना आणि रस्ता ओलांडण्याच्या दोन्ही खांबांवर डेड-एंडच हवा. कागलच्या त्या रात्री रस्त्याच्या दोन खांबांवर डेड-एंड असते तर ट्रॉलीनं एक गाळा (दोन खांबांमधला तुकडा) तोडला असता आणि बाकी गाव चालू राहिलं असतं. वळणावरच्या खांबाला उलट्या बाजूनं तणावाही (खांब ओढून धरणारी तार) लागतो, नाहीतर खांबच झुकतो आणि दोन महिन्यांत सगळा झोळ बदलतो.

पिळाच्या तारेचा डेड-एंड वापरत असाल तर तो केबलच्या जाडीचाच घ्या. ११ मिमीच्या केबलला १३ मिमीचा पिळ बसतो, पण धरत नाही. हातानंच गुंडाळायचा, पक्कड लावायची नाही, आणि पिळाचे दोन्ही पाय (दोन्ही बाजू) एकाच खुणेपासून सुरू करायचे. एकदा उतरवलेला पिळ परत वापरू नका, त्याची पकड गेलेली असते. चपट्या ड्रॉप केबलसाठी प्लास्टिकचा पाचरीचा क्लॅम्प मिळतो: मेसेंजर तार केबलपासून हलकेच सोलून वेगळी करायची, क्लॅम्पमध्ये अडकवायची, आणि काच असलेला चपटा भाग मोकळा सोडायचा. तो चपटा भाग क्लॅम्पमध्ये दाबून बसवलेला मी रोज कुठं ना कुठं बघतो. दाबामुळं प्रकाश गळतो आणि थंडीत प्लास्टिक आकसलं की आणखी गळतो. सकाळी नेट संथ आणि दुपारी ठीक, अशी तक्रार आली की मी आधी खांबावरचा क्लॅम्प बघतो.

नायलॉनची टाय फक्त वेटोळं बांधायला. ओढ पेलायला कधीच नाही. उन्हानं ती वर्षात ठिसूळ होते.

झोळ किती ठेवायचा

तार जितकी ताठ तितकं काम नीट, असं ग्राहकाला वाटतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही वाटायचं. हिशेब करून बघितल्यावर डोळे उघडले. ताण काढायचं सूत्र सोपं आहे: दर मीटरचं वजन गुणिले गाळ्याच्या लांबीचा वर्ग, भागिले झोळाची आठपट. ड्रॉप केबलचं वजन किलोमीटरला साधारण २० किलो, म्हणजे मीटरला ०.०२ किलो. खांबांमधलं अंतर ४० मीटर. झोळ ४० सेंमी ठेवला तर ताण येतो १० किलो. झोळ २० सेंमी केला की २० किलो. १० सेंमी केला की ४० किलो. वजन तेच, खांब तेच, झोळ निम्मा केला की ताण दुप्पट.

त्यात वारा आणि पाऊस वेगळे. उन्हात तार लांबते, पहाटेच्या थंडीत आखडते. मे महिन्याच्या दुपारी ताठ ओढलेली तार जानेवारीच्या पहाटे आणखी ताठ होते. म्हणून गाळ्याच्या लांबीच्या १ टक्का झोळ हे माझं किमान माप, ४० मीटरला ४० सेंमी. दुपारी काम करत असाल तर थोडा जास्त ठेवा. जाड केबलचं वजन चौपट असेल तर ताणही चौपट येतो, तिथं दीड-दोन टक्के घ्या. मात्र रस्त्यावर ६ मीटरची उंची आधी मोजायची आणि मग झोळ ठरवायचा. उंची कमी पडली तर खांबावर पट्टा वर सरकवा किंवा मधे खांब मागा, तार ताठ ओढून उंची मिळवू नका.

केबल ओढताना

ड्रम आडवा पाडून बाजूनं केबल काढली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो. ड्रम स्टँडवर उभा हवा, केबल वरून सुटायला हवी. मधे थांबून उलट्या दिशेनं न्यायची असेल तर उतरवलेली केबल जमिनीवर इंग्रजी आठाच्या आकड्यात पसरायची, गोल गुंडाळायची नाही. आठात एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूनं सुटतो. प्रत्येक खांबावर कप्पी लावा, पट्ट्याच्या कडेवरून केबल घासत नेऊ नका. ओढणाऱ्या दोरीत आणि केबलमध्ये फिरकी बसवा.

वाकवण्याचा नियम: ओढताना केबलच्या व्यासाच्या २० पटीपेक्षा लहान त्रिज्येत वळवायचं नाही, बसवून झाल्यावर १० पट. ११ मिमीच्या केबलला ओढताना २२ सेंमी, म्हणजे साधारण एक वीत. कोपऱ्यावर माणूस उभा करायचा तो एवढ्यासाठीच.

जमिनीखालून

इथं थोडक्यात सांगतो, कारण हे काम बहुतेक वेळा मोठे ठेकेदार करतात. नळी एचडीपीईची (टणक प्लास्टिकची), ४० मिमी बाहेरून आणि ३३ मिमी आतून. खोली १.६५ मीटर ही आपल्याकडची मान्य पद्धत. करवीरच्या काळ्या रानात चर खणणं सोपं, पण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, नळीला वर-खाली हलवते. तिथं नळीखाली आणि वर वाळूचा थर देणं टाळू नका. पन्हाळ्याच्या बाजूला खडक लागला आणि खोली मिळाली नाही तर नळीवर जीआय पाईप आणि काँक्रीट. नळीच्या वर अर्ध्या खोलीवर इशारा पट्टी, आणि जमिनीवर मार्गाचे दगड. नळीची तोंडं लगेच बूच लावून बंद करा. उघड्या नळीत एका रात्रीत गाळ, उंदीर, कधी कधी बेडूक. मग केबल पुढं जात नाही आणि चूक केबलची ठरते.

जॉइंट

जॉइंट बॉक्सला केबल लावताना सगळ्यात आधी केबलच्या मधली दांडी बॉक्सच्या आतल्या बोल्टखाली घट्ट बसवायची. ओढीची वाट इथंही तीच: बॉक्सवर ओढ आलीच तर ती दांडीनं घ्यायची, ट्रेमधल्या काचेनं नाही. घाईत हा बोल्ट सैल राहतो, पुढं काय होतं ते वर सांगितलंच आहे. त्यानंतर नळ्यांमधलं जेल पुसायचं आणि रंगानं कोअर वेगळ्या करायच्या. क्रम पाठ हवा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. संध्याकाळच्या उजेडात राखाडी आणि पांढरा, गुलाबी आणि जांभळा यांत गफलत होते. हेडटॉर्च दुपारीही लावा.

आता एका कोअरचा जॉइंट जवळून बघा. आधी जॉइंट झाकणारी स्लीव्ह सरकवून ठेवायची, हे विसरला की सगळं पुन्हा. साधारण ३ सेंमी लेप स्ट्रिपरनं एका सरळ ओढीत काढायचा. उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कपड्यानं पुसायची, चिमटीतून एकाच दिशेनं. नीट पुसली गेली की कपड्यातून बारीक किर्रर्र असा आवाज येतो. मग क्लीव्हरमध्ये (काच सरळ कापणाऱ्या अवजारात) ठेवून झाकण मिटायचं आणि पातं सरकवायचं. टक् असा जेमतेम ऐकू येणारा आवाज, आणि काचेचा केसाएवढा तुकडा सुटतो. यापुढं ते टोक कशालाही लागू द्यायचं नाही, पुसायचंही नाही. पुसायची पाळी क्लीव्हच्या आधीची. मशीनच्या पडद्यावर दोन्ही टोकं मोठी होऊन दिसतात: कड सरळ, कोन एका अंशाच्या आत. कडेला एवढंसं नाक निघालेलं दिसलं तरी मी परत क्लीव्ह करतो. ठिणगी पडते, दोन रेषांची एक रेष होते, आणि पडदा ०.०२ डीबी (जॉइंटमध्ये वाया जाणाऱ्या प्रकाशाचं माप) असं काहीतरी दाखवतो. तो मशीनचा अंदाज असतो, मोजमाप नाही. ०.०५ च्या वर दाखवलं तर मी तोडून परत मारतो.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रोज सकाळी मशीनचं आर्क कॅलिब्रेशन करा. गगनबावड्याच्या धुक्यात आणि शिरोलीच्या फाउंड्रीजवळच्या कोरड्या गरम हवेत ठिणगी सारखी वागत नाही.

ते सुटलेले काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीत. माझ्या सोबतच्या पोराच्या अंगठ्यात असा तुकडा घुसला होता. दिसत नव्हता, फक्त टोचत होता, आणि तो काढायला डॉक्टरांना भिंग लागलं. कामाच्या कपड्यांत डबा खायला बसू नका, डोळ्यांना चष्मा लावा, आणि चालू लाईनच्या तोंडात कधीही बघू नका. १३१० आणि १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

बॉक्स खांबावर बांधताना केबलची तोंडं खाली हवीत, म्हणजे पाणी निथळतं. रबरी सील स्वच्छ, न वापरलेल्या तोंडांना बूच. बॉक्सच्या आत तारीख आणि कोअरचा तक्ता लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता बॉक्स उघडणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

घरात शिरताना

घराच्या भिंतीवर आधी हुक आणि क्लॅम्प. ओढ तिथं संपली. मेसेंजर तार तिथंच कापायची, ती घरात न्यायची नाही. पुढं चपटी केबल खाली जाऊन परत वर येऊन भोकात शिरेल असा लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं. भोक आतून बाहेर उतरतं पाडा. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या जाड भिंतीत लांब ड्रिल बिट लागतं, आणि भोकात नळी घालावीच लागते, नाहीतर माती ढासळून केबल दाबली जाते. नंतर सिलिकॉन.

घरातली केबल वाकायला सोसणारी घ्या. जी.६५७ ए२ प्रकारचं फायबर ७.५ मिमी त्रिज्येपर्यंत वाकवता येतं, ए१ प्रकारचं १० मिमीपर्यंत. जुनं जी.६५२ फायबर ३० मिमीच्या खाली वाकवू नये. पण वाकणं सोसतं म्हणजे दाबणं सोसतं असं नाही. मंगळवार पेठेतल्या एका घरी नेट सारखं तुटत होतं. प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला तर उणे २७.८ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). खांबावर उणे १८. टीव्हीच्या कपाटामागं हात घातला तर केबलवर खिळ्याची क्लिप इतकी ठोकलेली की केबल चपटी झालेली.

"आज्जी, ही क्लिप कुणी मारली?"

"नातवानं मारली की रं. वायर लोंबत हुती, बरं दिसंना."

क्लिप काढली, दोन बोटांनी केबल गोल केली, मीटर उणे १८.६ वर आला. आज्जींना केबल दिसायला नको होती, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून मी घरात खिळ्याची क्लिप वापरत नाही. प्लास्टिकची पट्टी लावतो, केबल आत सैल राहते, आणि दिसतही नाही.

शेवटच्या टोकाला पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) स्प्लायस करून भिंतीवरच्या छोट्या बॉक्समध्ये बसवा. हातानं लावायचे झटपट कनेक्टर मी फक्त तात्पुरत्या कामाला वापरतो, त्यातलं जेल दोन उन्हाळ्यांत सुकतं. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकत्र घातले की मधे फट राहते, लाईन लागते, पण प्रकाश वाया जातो आणि उलटाही फिरतो. आणि प्रत्येक वेळी टोपण काढल्यावर टोक पुसा, नवं असलं तरी.

मोजल्याशिवाय निघू नका

आधी कागदावर किती यायला हवं ते काढा. समजा ओएलटीतून (आमच्या बाजूच्या, प्रकाश पाठवणाऱ्या यंत्रातून) निघतात अधिक ४ डीबीएम. ३ किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ डीबीनं साधारण १ डीबी. एक १:४ स्प्लिटर (प्रकाश चार वाटांत वाटणारा) ७.२, एक १:८ स्प्लिटर १०.५. सहा जॉइंट मिळून ०.३, चार कनेक्टर मिळून १.२. एकूण २०.२ च्या आसपास. म्हणजे घरी उणे १६ यायला हवं. मीटरवर उणे १९ आलं तर लाईन लागेल, ग्राहक खूश होईल, आणि बहुतेक जण निघून जातात. पण ३ डीबी म्हणजे अर्धा प्रकाश कुठंतरी गळतोय. तो आजच शोधा. जीपॉनच्या (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देणाऱ्या पद्धतीच्या) नेहमीच्या बी+ वर्गाच्या मोडेमला उणे २७ पर्यंत चालतं म्हणून उणे २५ वर समाधान मानणारा माणूस पहिल्या पावसात परत येतो. उलट बाजूनं, उणे ८ पेक्षा जास्त प्रकाश आला तर मोडेमचा रिसीव्हर गडबडतो, स्प्लिटर नसलेल्या छोट्या लाईनवर हे लक्षात ठेवा.

ओटीडीआर (कुठल्या अंतरावर किती प्रकाश गळतो ते दाखवणारं यंत्र) असेल तर एकाच लाईनचं मोजमाप १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हींवर घ्या. एकाच जागी १५५० वर तोटा जास्त आणि १३१० वर कमी दिसला तर तिथं केबल वाकलेली किंवा दाबलेली आहे. दोन्हींवर सारखा दिसला तर जॉइंट किंवा कनेक्टर. ओटीडीआरचं अंतर काचेचं असतं, रस्त्याचं नसतं: खांबावरची वेटोळी त्यात मोजलेली असतात. ८४० मीटरवर तूट दाखवली म्हणून रस्त्यावर ८४० मीटर चालाल तर पुढच्या गल्लीत पोचाल. म्हणून वहीत प्रत्येक वेटोळ्याची लांबी लिहिलेली असावी.

पूर

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. दुधाळी, सुतारवाडा, जाधववाडी, प्रयाग चिखली, आंबेवाडी या भागांत काम करत असाल तर घरमालकालाच विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवरची खूण ते बोटानं दाखवतात. जॉइंट बॉक्स, स्प्लिटर बॉक्स आणि घरातला मोडेम त्या खुणेच्या वर, निदान एक हात वर. काच पाण्यात बुडाली तरी प्रकाश जातो, पण बॉक्समध्ये गाळ शिरला की ट्रे, सील, कनेक्टर सगळं फेकून द्यावं लागतं. पुराच्या काळात घरच्यांना गच्चीवरून नातेवाइकांशी बोलायचं असतं, बोटीची वाट बघायची असते. त्या घरातला मोडेम पहिल्या मजल्यावर असावा यासाठी मी दोन मीटर केबल जास्त घालतो आणि तिचे पैसे घेत नाही.

मे अखेरीस मी सगळ्या लाईनी एकदा चालतो: गंजलेले पट्टे, तुटलेल्या टाय, झाडात शिरलेली केबल. आणि सप्टेंबर संपला की परत. तेव्हा हातात वेळूची सहा मीटरची काठी असते, टोकाला लाल फडकं बांधलेलं. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी प्रत्येक रस्ता ओलांडणाऱ्या केबलखालून ती काठी उभी धरून जायचं. फडकं केबलला लागलं तर त्याच दिवशी पट्टा वर चढवायचा.